अठरा तासांचा हिशेब आणि दोन निबंध

एप्रिल महिना आला की मुरुमपासून मुंबईपर्यंत ‘अठरा तास अभ्यास’ या उपक्रमाचे फलक झळकू लागतात. कुठे महाविद्यालयाचे वाचनालय, कुठे वसतिगृह, कुठे बुद्धविहार. पहाटे सहाला मुले-मुली बसतात आणि मध्यरात्री उठतात. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकापेक्षा हजारपटीने चांगली आहे, याबद्दल वाद नाही. ज्या मुलाच्या घरी एकच खोली आहे आणि त्या खोलीत चूल, म्हातारी आजी व लहान भावंडे आहेत, त्याला अठरा तासांचा उजेड आणि शांतता मिळते हीच मोठी गोष्ट आहे. तरीही एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या अठरा तासांत होते काय?

बहुतेक ठिकाणी पाठांतर होते. समोर मार्गदर्शक पुस्तिका असते, नाहीतर मोबाईलवर उतरवलेल्या तयार नोट्स असतात. एमपीएससीची तयारी करणारा विद्यार्थी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ कोणत्या साली प्रसिद्ध झाले ते घोकतो. १९३६ हे उत्तर तो बिनचूक देतो. मात्र ते पुस्तक त्याने उघडलेले नसते. अभ्यासाचा तास मोजता येतो, आणि विचार मोजता येत नाही म्हणून त्याचा फलक लागत नाही.

बाबासाहेबांच्या तासांकडे आपण भक्तिभावाने पाहतो, पण ते तास आले कुठून हे पाहत नाही. धनंजय कीर यांच्या चरित्रात परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीचे वर्णन आहे. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी. मुलगा लवकर झोपी जाई, वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून स्वतः झोपत. म्हणजे घरात दिवसा न मिळणारी जागा रात्री दोन वाजता मिळत होती. जागेच्या टंचाईवर शोधलेला तो उपाय होता. पुढे ऐपत येताच त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आपण मात्र उपायाचे व्रत करून टाकले. मुरुमच्या मागास वस्तीतल्या विद्यार्थ्याला आज पहिली गरज रोज उघडी राहणाऱ्या अभ्यासिकेची आहे, वर्षातल्या एका दिवसाच्या जागरणाची नंतर. हे नगर परिषदेला विचारण्याचे काम आहे, आणि ते जयंती मंडळाने विचारले तर बिघडणार नाही.

आता अभ्यासाच्या आतल्या गोष्टीकडे वळू. त्यासाठी मी दोन निबंध समोर ठेवतो. आपल्याकडे विद्यार्थ्याला विचार करायला शिकवण्याचे शाळेने मानलेले साधन निबंध हेच आहे.

पहिला निबंध न लिहिला गेलेला. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, म्हणजे मुरुमच्या पंचक्रोशीपासून फार लांबचे नव्हेत. या आत्मकथनाच्या आरंभीच शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्णांची मुले एका झाडाखाली जेवतात, महारांची मुले वेगळी बसतात आणि त्यांच्या वाट्याला उरलेले उष्टे येते. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलाला काही सुचत नाही, आणि गुरुजी त्याच्या जातीवरून बोलतात.

या प्रसंगाची समीक्षा आजवर भूक आणि अस्पृश्यता या अंगाने झाली, ती योग्यच आहे. दलित आत्मकथनांवर लिहिणारे प्रस्थापित समीक्षक वेदना, नकार, विद्रोह या शब्दांपाशी येऊन थांबतात. आमचेही समीक्षक पुष्कळदा तिथेच थांबतात. पण हे आत्मकथन अभ्यासाचीही कहाणी आहे, हे कोणी फारसे पाहिलेले नाही. त्या मुलाला सुचत का नाही? तो मंद आहे म्हणून? त्याच्याजवळ वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त मजकूर आहे. दोन झाडे आहेत, फडक्यातले उष्टे आहे, आदल्या दिवशीची सगळी सहल त्याच्या पोटात आहे. पण ‘आमची सहल’ या निबंधाचा साचा ठरलेला असतो. निसर्गरम्य परिसर, मौज, आनंदाने घरी परतलो. या साच्यात त्याने पाहिलेले बसत नाही, आणि न पाहिलेले लिहिणे त्याला जमत नाही. शाळा त्याला इथे शिकवते ते हे की, डोळ्यांनी पाहिलेले एकीकडे ठेव आणि वहीत लिहायचे दुसरीकडे ठेव. हा धडा जो पक्का करतो त्याला गुण मिळतात. त्याची विचारशक्ती तिथेच मारली जाते.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना शिकवणारे जॉन ड्युई यांनी १९१० साली ‘हाऊ वुई थिंक’ या पुस्तकात विचाराची सुरुवात कुठे होते ते सांगितले आहे. माणसाला एखादी अडचण जाणवते, त्याचे पाऊल अडते, आणि तिथून विचार सुरू होतो. सगळे सुरळीत चालले असेल तर विचार करण्याचे कारणच पडत नाही. हे खरे मानले तर आमच्या मुलांइतकी विचाराची सामग्री कुणाजवळ आहे? सकाळी उठल्यापासून पाऊल अडते. आणि नेमकी ती अडचण वर्गाच्या दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवायला सांगितली जाते.

दुसरा निबंध लिहिला गेलेला आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यातल्या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग मुलगी. तिने काय केले ते विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. वेदांवर एकाच जातीचा हक्क असेल तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने उभा केला. समोरच्याचे म्हणणे खरे धरून चालायचे आणि त्यातून काय निघते ते त्यालाच दाखवायचे, ही तर्काची रीत तिला साधली होती. मग ती पुराव्याकडे गेली. आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, हे तिने पाहिलेले लिहिले. आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून तिने विद्येचे औषध घ्यायला सांगितले. प्रश्न, तर्क, डोळ्यांदेखतचा पुरावा आणि आत्मपरीक्षण हे सारे एका शाळकरी मुलीच्या निबंधात आहे. शाळा तीच, वही तीच, मात्र गुरुजनांनी तिला तिचे जगणे दाराबाहेर ठेवायला सांगितले नव्हते.

या दोन निबंधांमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि ते उलट्या दिशेने गेले आहे.

मुरुमकडच्या विद्यार्थ्याची आणखी एक अडचण भाषेची आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळे गल्लीत कन्नड ऐकू येते. घरची मराठी पुस्तकी मराठीपेक्षा निराळी, आणि आता त्यावर इंग्रजी. एवढ्या भाषा कानावर पडलेल्या मुलाला ‘तुझी भाषा अशुद्ध’ असे पहिल्याच दिवशी ऐकवले की तो बोलायचा थांबतो. मग तो दुसऱ्याची वाक्ये पाठ करतो, कारण ती तरी शुद्ध असतात. पाठांतराचे मूळ आळसापेक्षा या भीतीत जास्त आहे असे मला वाटते. वाचलेला उतारा आधी घरच्या बोलीत आईला सांगून पाहावा. आईला कळला नाही तर तो आपल्यालाही कळलेला नाही असे समजावे. याला पैसा लागत नाही.

बाबासाहेबांच्या अभ्यासातली सर्वांत कमी अनुकरण झालेली सवय मात्र वेगळीच आहे. लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. हिंदुस्थानच्या चलनाबद्दल केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने १९१३ साली मांडलेल्या मताच्या विरोधात जाणारा तो प्रबंध होता. परीक्षकांनी तो पुन्हा लिहून मागितला, तेव्हा त्यांनी निष्कर्ष तसेच ठेवून तो पुन्हा लिहिला. १९२३ साली तो ग्रंथरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची आहे, आणि त्या प्रस्तावनेत कॅनन आपल्याला यातली पुष्कळ टीका मान्य नाही असे स्पष्ट म्हणतात, विचारांच्या ताजेपणाची मात्र दाद देतात. असहमतीची प्रस्तावना आपल्याच पुस्तकाच्या दारावर लावण्याची छाती किती जणांना असते? १९३७ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी गांधीजींची टीकाही त्यात छापली आणि मग तिला उत्तर दिले. वाचकापुढे दोन्ही बाजू ठेवल्या.

औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी ‘मिलिंद’ हे नाव दिले त्यामागेही हेच आहे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. वाद पंडितांसारखा करणार असाल तर करीन, राजांसारखा करणार असाल तर नाही, असे नागसेन त्याला सांगतो, कारण पंडित हरला तर रागावत नाही आणि राजा शिक्षा फर्मावतो. राजा पंडितांसारखा वाद करायला कबूल होतो. आज आपल्या किती अभ्यासमंडळांत असा वाद चालतो? चळवळीतल्या ज्येष्ठाच्या विधानावर विद्यार्थ्याने शंका काढली की त्याच्या निष्ठेची चौकशी सुरू होते. गुरुजींनी दाराबाहेर ठेवायला सांगितलेला प्रश्न आपणही दाराबाहेरच ठेवायला सांगत असू, तर तक्रार कुणाची करायची?

हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला आणि त्यापायी दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मुरुमच्या मुलीच्या पदवी प्रमाणपत्रावर आज बाबासाहेबांचे नाव छापलेले असते. ती पदवी तयार नोट्सवर मिळवली असेल तर त्या नावाची किंमत मोजणाऱ्या माणसांना काय सांगायचे?

तेव्हा उपक्रम बंद करावा असे मी म्हणत नाही. येत्या १४ एप्रिलला सोळा तास वाचन ठेवावे आणि दोन तास राखून ठेवावेत. पहिल्या तासात प्रत्येकाने वाचलेल्यापैकी न पटलेली एक गोष्ट कारणासह घरच्या बोलीत एका कागदावर लिहावी. दुसऱ्या तासात तो कागद शेजाऱ्याला द्यावा आणि शेजाऱ्याने त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहावे. ते कागद भिंतीवर लावावेत, आणि न पटलेली गोष्ट बाबासाहेबांच्या ग्रंथातली असली तरी तो कागद काढू नये.