लटकी झुंज आणि खरी मान

कुस्तीच्या बाबतीत माझ्या एका स्नेह्यांचा शब्द बेळगावात प्रमाण मानला जातो. उमेदीची वर्षे त्यांनी तालमीच्या मातीत घालविली आहेत आणि निकाली कुस्तीखेरीज दुसरी कुस्ती ते कुस्ती मानीतच नाहीत. अशा गृहस्थांस जपानी धंदेवाईक कुस्तीची चित्रफीत दाखविण्याचे धाडस मी नुकतेच केले.

लढत ३ जून १९९४ ची, तोक्योच्या निप्पोन बुदोकान सभागृहातील. विजेतेपद राखणारा मित्सुहारू मिसावा आणि त्याला आव्हान देणारा तोशिआकी कावादा हे एकाच शाळेच्या आखाड्यात तयार झालेले. कावादा एका वर्षाने धाकटा. पाच मिनिटे होतात न होतात तोच स्नेह्यांनी निकाल दिला, “अहो वकीलसाहेब, ही तर नुरा कुस्ती! दोरांवर ढकललेला गडी मार खायला पुन्हा धावत परत येतो, हे कोणत्या तालमीत शिकवितात?”

आक्षेप बिनतोड होता. जपानी लोक ज्यास ‘पुरोरेसु’ म्हणतात त्या या खेळाचा निकाल आधी ठरलेला असतो. परंतु मुद्दाच चुकीचा काढला तर पुराव्याचा ढीग घालूनही न्याय होत नाही, हे कोर्टात वावरणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. ‘खरी की खोटी’ हा तसला मुद्दा आहे. फसवणूक सिद्ध व्हावयाची तर कोणीतरी फसलेला लागतो. दशावतारी खेळात राक्षस मरणार हे देवळापुढे पेंगत बसलेल्या पोरासही ठाऊक असते. म्हणून कोणी अर्ध्या रात्री उठून घरी जात नाही. तो मरतो कसा, हे पाहावयास माणसे बसलेली असतात.

या दृष्टीने पाहिले म्हणजे ही लढत निराळीच दिसू लागते. मिसावा पूर्वी वाघाचा मुखवटा घालून लढत असे. १९९० च्या मे महिन्यात ऐन लढतीत त्याने तो उतरविला, आणि त्याच्या गाठी सोडणारा जोडीदार हा कावादाच होता. चार वर्षांनी तोच समोर प्रतिस्पर्धी म्हणून उभा आहे. मिसावाच्या मुद्रेवरची रेषही हलत नाही. तो कोपराचे प्रहार करीत राहतो. कावादा लाथांनी उत्तर देतो, आणि जन्मभर एक पाऊल मागे राहिलेल्या धाकट्याची सारी तळमळ त्याच्या चेहऱ्यावर उमटते. पंच दोन मोजतो आणि तीन म्हणण्यापूर्वी खांदा उचलला जातो, तेव्हा सारे सभागृह हुंकारते. एकही संवाद नसताना ज्येष्ठाचा दरारा आणि कनिष्ठाची ईर्षा आपल्यापर्यंत पोहोचते. याला अभिनय म्हणावयाचे नाही, तर दुसरे काय म्हणावयाचे?

अर्ध्या तासानंतर माझे स्नेही खुर्चीच्या कडेवर आले होते. “अरे, मान सांभाळ!” असे ते पडद्याकडे पाहून ओरडलेही. माझा पक्ष सिद्ध झाला, असे मी मनाशी म्हटले.

जवळजवळ छत्तिसाव्या मिनिटाला मिसावाने कावादाचे दोन्ही हात मागे अडकविले, त्याला उलटा उचलला आणि मानेवर आदळला. या डावास ‘टायगर ड्रायव्हर ९१’ म्हणतात. कावादा उठला नाही. मी टाळी वाजविली. स्नेह्यांनी वाजविली नाही. ते एवढेच म्हणाले, “निकाल ठरलेला होता ना? मग मानेवर कशाला टाकला?”

या उलटतपासणीपुढे मी निरुत्तर झालो. कावादा त्यानंतरही अनेक वर्षे लढला. पण १३ जून २००९ रोजी हिरोशिमात, पाठीमागून कवळून मागे टाकण्याच्या एका नेहमीच्या डावानंतर, मिसावा पडला तो पुन्हा उठला नाही. त्याच रात्री तो वारला. मानेतील मज्जारज्जूची इजा हे मृत्यूचे कारण ठरले. वय ४६; म्हणजे माझ्याच पिढीच्या वयाचा. त्या मानेने पंचवीस वर्षांहून अधिक काळ आपट्या सोसल्या होत्या.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत संमतीच्या कलमाखाली करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण दिलेले होते. खेळात नियम सोडून न वागता होणाऱ्या इजेस त्यांची परस्परसंमती गृहीत धरली जाई. परंतु मृत्यू किंवा जबर दुखापत संभवते हे जाणून केलेल्या कृत्यास ती संमती पुरत नसे. मल्लांच्या संमतीविषयी एवढे बोलता येते. टाळी वाजविणाऱ्याच्या संमतीविषयी मात्र कायदा मुका आहे. काल जे पाहिले त्याहून अधिक आज हवे, ही मागणी प्रेक्षकांचीच असते, आणि ती मीही केली होती.

तेव्हा माझा अभिप्राय मी थोडा दुरुस्त करतो. ही लढत श्रेष्ठ आहे. पण तिचे श्रेष्ठत्व त्या पहिल्या पस्तीस मिनिटांत आहे. तेथे चेहरा, विलंब आणि एक उचललेला खांदा यांनीच सारे काही साधले होते. शेवटच्या आपटीत कलेचा स्वतःवरील विश्वास सुटला आणि तिने खऱ्या मानेचा आधार घेतला.

परवा स्नेह्यांनी आपण होऊन दुसरी लढत दाखविण्यास सांगितले. अट एकच घातली: “वकीलसाहेब, खोटी असली तरी चालेल. पण पुरती खोटी असू द्या.”