थेऊरची चिता आणि आपले डोळे

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या विहारात भांडण झालं. भांडण जमिनीचं नव्हतं, विहिरीचं नव्हतं, निवडणुकीचंही नव्हतं. कादंबरीवरून झालं. मालवणकडच्या एका बौद्धवाडीत कादंबरीवरून दोन तास आवाज चढावेत, ही गोष्ट मला मोठी वाटते. म्हणून हे लिहितोय.

कादंबरी होती रणजित देसायांची 'स्वामी'. 1962 साली ती आली, 1964 साली तिला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. तेव्हापासून ती छापली जातेच आहे, लग्नात भेट दिली जातेच आहे. थोरले माधवराव पेशवे आणि त्यांची बायको रमाबाई यांची ही कहाणी. पानिपतानंतर, 1761 साली, सोळा वर्षांचा पोरगा पेशवा होतो. चुलत्याशी झगडतो, मोडकळीला आलेलं राज्य सावरतो आणि 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयानं मरतो. वय 27. रमाबाई सती जाते. इतिहासाच्या पुस्तकात हे चार ओळींत संपतं. बाकीचं देसायांनी भरलं. अबोला भरला, नजर भरली, दुखण्याच्या उशाशी बसलेली बायको भरली. मराठी वाचक तिथंच विरघळला.

आमच्या विहारात चार मतं निघाली. ती आधी मांडतो.

पहिलं मत कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीचं. ती म्हणाली, मी दोनदा वाचली, दोन्ही वेळा रडले. असं प्रेम आता कुठं बघायला मिळतं? नवरा असावा तर माधवरावांसारखा.

दुसरं मत शाखेचं काम करणाऱ्या एका पोराचं. तो ताडकन उठला. "पेशव्याचं पुस्तक विहारात आणलंच कसं? भीमा कोरेगावला आपले बापजादे कशासाठी लढले? आधी ते जाळा, मग बोला."

तिसरं मत एका निवृत्त गुरुजींचं. ते म्हणाले, बाबांनो, साहित्याकडं साहित्य म्हणून बघा. भाषा बघा, व्यक्तिचित्रण बघा. आणि तेव्हा आपलं मालवण पेशव्यांकडं नव्हतंच, करवीरकरांकडं होतं. आपल्याला काय त्याचं!

चौथं मत एका म्हाताऱ्या काकीचं. ते शेवटी सांगतो, कारण ती बोलली आणि भांडण थांबलं.

आधी जाळण्याचं बघू. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली, हे खरं. पण जाळण्याआधी ती वाचली होती, आणि तीही आपल्या कोणत्याच विरोधकानं वाचली नसेल इतकी बारीक. शिवाय मनुस्मृती कायदा म्हणून आपल्या मानेवर बसलेली होती. कादंबरी मानेवर बसत नाही. ती डोळ्यांतून आत जाते. आत गेलेलं कसं जाळणार? ते वाचूनच बाहेर काढावं लागतं. आणि लेखक बामण, म्हणून असं लिहिलं, असंही म्हणून सुटका नाही. देसाई कोवाडच्या इनामदार मराठा घराण्यातले. म्हणजे प्रश्न लेखकाच्या जातीपाशी संपत नाही. तसं असतं तर फार सोपं झालं असतं.

गुरुजींचं उत्तर मात्र लगेच देतो. मालवण करवीरकरांकडं होतं, कबूल. पण अस्पृश्यता काय मुलूख बघून थांबत होती? पुण्यात एक जात आणि खाडीच्या अलीकडं दुसरी, असं कधी झालंय?

आता नायक. माधवराव वाईट माणूस होता, असं सिद्ध करायला बसलो तर आपण हरू. इतिहासकार त्याला कर्तबगार म्हणतात. चुकला तर तोंडावर सांगणारा रामशास्त्री त्याच्या दरबारात होता. वेठबिगारीला त्यानं आळा घातला, असंही नोंदवलेलं आहे. चांगलं आहे. पण मी विचारतो, कोणाची वेठ थांबली? गावच्या महाराची वेठ त्यानंतर इंग्रजी आली तरी चालूच राहिली. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यावर दुरुस्तीचं बिल आणलं, आणि वतन कायद्यानं गेलं ते 1958 साली. माधवरावाला जाऊन तोवर 186 वर्षं झाली होती.

पेशव्यांच्या राजवटीत, त्यांच्याच राजधानीत, अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिभेद निर्मूलना'त हे लिहून ठेवलं. जोतिबांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तालीमखान्यापुढून गेलेल्या मांगा-महाराच्या मुंडक्याचा चेंडू करून खेळत, हे तिनं त्यात सांगितलं. ती आठवण बाजीरावाच्या काळची, माधवरावाच्या नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण कादंबरीत शनिवारवाड्याचे दिवे लागतात तेव्हा त्या रस्त्यावरून कमरेला झाडू बांधून कोण चाललंय, हे एकदाही दिसत नाही. वाड्यात दासी येतात-जातात. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. समईची वात सारणारा तो हात विकत घेतलेला असू शकतो, हे वाचकाच्या मनातही येऊ नये, अशी ती प्रेमकथा रचलेली आहे.

म्हणून 'नायक चांगला की वाईट' हा आपला प्रश्नच नव्हे. चांगला माणूस गादीवर बसला तरी झाडू कमरेलाच राहिला. माणूस चांगला असून जे बदलत नाही, त्यालाच आपण व्यवस्था म्हणतो. त्या कॉलेजच्या पोरीला हे असं सांगितलं असतं तर ती ऐकती. "तू रडलीसच कशी?" असं विचारल्यावर ती पुढचं काय ऐकणार?

खरी गोष्ट नायिकेपाशी आहे.

रमाबाई बाहुल्या खेळायच्या वयात लग्न करून आली आणि ऐन तारुण्यात चितेवर चढली. म्हणजे बालविवाह आणि सती. 9 मे 1916 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला. त्यात याच दोन रूढी आहेत आणि तिसरी आहे सक्तीचं वैधव्य. बाबासाहेबांचं म्हणणं साध्या शब्दांत असं: जातीच्या आतच लग्न करायचं ठरलं की जातीतल्या बाया आणि पुरुषांची संख्या जुळवावी लागते. नवरा मेला की बाई उरते. ती उरलेली बाई जातीबाहेर लग्न करील ही भीती. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाही तर तिचे केस काढून कोपऱ्यात बसवा. आणि उरलेल्या पुरुषासाठी बायको हवी म्हणून लहान पोरगी आणा. जातीचं कुंपण शाबूत राहिलं पाहिजे, एवढंच यामागचं गणित.

पुढची गोष्ट तर समीक्षकांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. बाबासाहेब म्हणतात, या रूढींचं गुणगान लोक करतात, पण गुणगान होतं म्हणून त्या पाळल्या गेल्या असं नाही. त्या पाळायच्या होत्या म्हणून त्यांचं गुणगान करावं लागलं. कडू औषध गिळवायला वर गूळ लावतात, तसं.

'स्वामी' हा तो गूळ आहे. फार उत्तम प्रतीचा गूळ आहे. सतीचा कायदा 1829 साली झाला, चिता विझली, पण गूळ 1962 सालीही विकला जात होता आणि आजही विकला जातोय. शेवटी वाचक ज्या डोळ्यांनी रडतो ते करुणेचे डोळे असतात, यात शंका नाही. पण त्या रडण्यात 'असं व्हायला नको होतं' किती आणि 'केवढं हे प्रेम!' किती? दुसरंच जास्त. 1987 साली हीच कथा दूरदर्शनवर मालिका होऊन घराघरांत गेली. त्याच 1987 साली, 4 सप्टेंबरला, राजस्थानात देवराळ्याला रूपकंवर नावाची अठरा वर्षांची पोरगी नवऱ्याच्या चितेवर जळाली. हजारो लोक तिचा जयजयकार करायला जमले. मालिकेमुळं ते झालं असं मी म्हणत नाही. जयजयकार करणाऱ्या गर्दीचे डोळे आणि आपले डोळे यांत किती अंतर होतं, एवढंच विचारतो.

आणि एक गंमत बघा. त्याच पेशवे घराण्यातल्या बाकीच्या बाया आठवा. बाजीरावाची काशीबाई सती गेली नाही. नानासाहेबाची गोपिकाबाई गेली नाही. राघोबाची आनंदीबाई गेली नाही. म्हणजे न जाण्याची वाट त्या घरातही होती. मग मराठी वाचकाच्या मनात त्या कोण आहेत? गोपिकाबाई हेकेखोर सासू. आनंदीबाई 'ध चा मा' करणारी खलनायिका. जी जळाली ती देवी, ज्या जगल्या त्या कजाग. बाई जगली, बोलली, राज्यकारभारात हात घातला, की तिची नायिकेची जागा गेली.

थेऊरची चिता आणि पुण्यातला झाडू ही एकाच दोराची दोन टोकं आहेत. वरच्या जातीची बाई आत बांधायची, खालच्या जातीचा माणूस बाहेर बांधायचा. दोर एकच. कादंबरीनं एका टोकाला फुलं बांधली आणि दुसरं टोक दाखवलंच नाही.

इथं लेख संपवला असता तर शाखेच्या पोरानं टाळ्या वाजवल्या असत्या. पण मित्रांनो, आता आपल्या घरात येतो. राग आला तर येऊ द्या.

आपलीही एक रमाबाई आहे. इथूनच वर, दापोलीजवळच्या वणंदची. पाच लेकरं झाली, चार गेली. नवरा परदेशात शिकायला, घरात दारिद्र्य. 27 मे 1935 ला ती गेली. बाबासाहेबांनी आपला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला आणि आपल्या हालाखीच्या दिवसांतली सोबतीण म्हणून तिची आठवण काढली. माणूस माणसाची आठवण काढतो तशी. आणि आपण काय केलं? आपण तिची मूर्ती केली. जयंतीच्या स्टेजवर ती फक्त सोसते, फक्त रडते, फक्त त्याग करते. ती कधी रागावली का, तिला काय आवडायचं, पंढरपूरला जायची तिची इच्छा होती तेव्हा घरात काय बोलणं झालं, यातलं माणसाचं काही आपल्याला नको. सोसून मेलेली हवी.

आणि जी जगली तिचं काय केलं? डॉ. सविता आंबेडकर. 15 एप्रिल 1948 ला लग्न, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांच्या शेजारी उभं राहून दीक्षा. साहेब गेल्यावर आपल्या लोकांनी तिच्यावर संशय घेतला. तो संशय वर्षानुवर्षं ओसरीवर, चौकात, भाषणांत फिरत राहिला. सत्तरीत पँथरच्या काही पोरांनी तिला पुन्हा चळवळीत आणलं, ही त्या पोरांची थोरवी. 2003 साली ती गेली. तिच्या जातीमुळं संशय आला, असं आपण म्हणतो. थोडं तेही असेल. पण जी मेली ती आई आणि जी मागं उरली ती संशयित, हे गणित आपण कुठून शिकलो? भीमाकडून तर नाही. ज्या माणसानं 1916 साली सतीचं गणित उलगडलं, ज्यानं हिंदू कोड बिलासाठी 1951 साली मंत्रिपदावर लाथ मारली, त्याच्या लेकरांनी विधवेकडं त्याच जुन्या नजरेनं बघितलं. पुस्तक जाळून ही नजर जात नाही. ती पेशव्याच्या वाड्यातच नाही, आपल्या पडवीतही आहे.

म्हणून त्या पोरीला सांगतो, रडलीस त्यात काही चुकलं नाही. मीही सोळाव्या वर्षी 'स्वामी' वाचून रडलोय. प्रेमकथा हवी असणं हा गुन्हा नाही. आपल्या माणसाला प्रेम करायला, हळवं व्हायला फुरसत मिळू नये, हीच तर त्यांची इच्छा होती. पण रडून झाल्यावर विचार: मी कोणासाठी रडले, आणि कोणाकडं बघायचं राहिलं? शाखेच्या पोराला सांगतो, जाळण्यापेक्षा लिही. 'स्वामी'च्या तीन वर्षं आधी, 1959 साली, अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' आला. एका वर्षानं, 1963 साली, बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' आली. पुढं याच कोकणातल्या ऊर्मिला पवारांनी 'आयदान' लिहिलं. नवऱ्यामागं आयदानं विणून लेकरं जगवणारी आई मराठी पुस्तकात आली ती तेव्हा. ती आई नायिका नाही असं कोण म्हणतो ते बघू!

आता काकीचं मत. ती कोपऱ्यात विड्या वळल्यासारखी गप्प बसली होती. पोरीनं शेवटची पानं वाचून दाखवली. सगळे हळवे झाले. काकी म्हणाली:

"घो मेलो म्हणान बायल जळली. आणि ह्येका तुमी पिरेम म्हणतास? माजो घो मेलो तेवा पदरात तीन पोरां होती. मी जळलंय आसतंय, तर त्यांका पेज कोणी घातली आसती?"

कोणी काही बोललं नाही. बाहेर पाऊस लागला होता. त्या तिघांपैकी एक पोर आता पन्नाशीचा आहे, आणि त्या दिवशी विहाराचा दिवा त्यानंच लावला होता.

'स्वामी'वर पुष्कळ परीक्षणं आली असतील. माझ्या मते इतकं नेमकं एकही नाही. तिच्या आयुष्यावर कादंबरी लिहायची राहिली आहे. तुमच्यापैकी कोणीतरी बसा लिहायला.

जय भीम.