बाबूजींचा आवाज काढू नका

डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन. या पट्ट्यात राहणाऱ्याला ‘गीतरामायण’ शोधावं लागत नाही. रामनवमी जवळ आली की जाहिराती येतातच. पेटी, तबला, मधेमधे निवेदन आणि एक आश्वासन : अगदी बाबूजींसारखं. सुधीर फडके २००२ साली गेले, तेव्हा माझी पिढी बालवाडीत होती. त्यांची मैफल आम्हाला प्रत्यक्ष मिळाली ती दुसऱ्यांच्या गळ्यातूनच. त्यामुळे नक्कल म्हटली की नाक मुरडणं मला परवडणारं नाही. प्रश्न एवढाच, की नक्कल नेमकी कशाची करायची?

कॅनडातला ‘द म्युझिकल बॉक्स’ हा बँड ‘जेनेसिस’च्या सत्तरच्या दशकातल्या मैफली हुबेहूब उभ्या करतो. तसेच कपडे, तशीच वाद्यं, पडद्यावर तशाच स्लाइड्स. तिथे ते शोभतं, कारण त्या मैफली अर्ध्या नाटकच होत्या. पीटर गॅब्रिएलचे मुखवटे काढून टाकले तर त्यांचा जीवच जाईल.

गीतरामायणाचं तसं नाही. त्याचं मूळ रूप एकच नाही. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, ते पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं : शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची. वर्षभरात ५६ गाणी झाली. गाणारे मात्र अनेक. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर त्यांत होते. पुढे मैफलीत बाबूजी सगळी पात्रं एकटेच गाऊ लागले. म्हणजे आज जिची नक्कल होते, ती मैफलच मुळात रेडिओवरच्या कार्यक्रमाचं दुसरं रूप. राम, सीता, कौसल्या, सगळे एकाच पुरुषाच्या गळ्यात. पेहराव नाही, देखावा नाही. पात्र उभं राहायचं ते शब्दांतून. म्हणून बाबूजी जोडाक्षरसुद्धा घरंगळू देत नसत आणि हरकत अर्थाच्या आड येऊ देत नसत.

मी ऐकलेल्या एका कार्यक्रमात गायकाने बाबूजींच्या उतारवयातल्या स्वराची थरथरही उचलली होती. आमच्या धंद्यात याला बगसकट कॉपी म्हणतात. पहिल्या ओळीला टाळ्या पडल्या आणि तिसऱ्या कडव्याला मोबाइल उजळले. ओळख पटली, पुढे ऐकायला काही उरलं नाही. दुसऱ्या कार्यक्रमात एका तरुण गायिकेने सीतेचं गाणं स्वतःच्या पट्टीत, स्वतःच्या आवाजात म्हटलं. बाबूजींचं तिने एकच घेतलं होतं, शब्द टाकण्याची शिस्त. गाणं संपल्यावर टाळ्यांना दोन क्षण उशीर झाला.

गीतरामायणाच्या पहिल्याच गाण्यात हा विषय आहे. वाल्मीकींनी शिकवलेली दोन पोरं रामाची कथा रामासमोरच गातात. ज्याची कथा, तोच श्रोता. तरी कुश-लव रामाची नक्कल करत नाहीत. शिकवलेले शब्द चोख गातात, आणि राम आसन सोडून उठतो.

पुढच्या रामनवमीला तिकीट काढाल तेव्हा गाणारा बाबूजींसारखा वाटतो का, हे तपासत बसू नका. घरी परतताना लोकलमध्ये एखादं अख्खं कडवं आठवतंय का, ते पाहा.