थडग्यावरचे चार शब्द

2 नोव्हेंबर जवळ आला की बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या लहानशा दफनभूमीत खुरप्यांचा आवाज सुरू होतो. पावसाळ्यात माजलेले गवत निघते, कबरींना चुना लागतो, आणि कपाशीच्या वेचणीतून वेळ काढून घरोघरची माणसे झेंडू व मेणबत्त्या घेऊन येतात. आजोबांची कबर नातवाला दाखविली जाते. ही कुलपरंपरा सुंदर आहे, याविषयी दुमत नाही. माझी तक्रार आहे ती तेथील लेखनाविषयी.

थडग्यावरील मजकूर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचला जातो. त्याची समीक्षा मात्र होत नाही. त्यात प्रत्येक पिता प्रेमळ, प्रत्येक माता त्यागमूर्ती. नावे झाकली तर कोणता दगड कोणाचा, हे घरच्यांनाही ओळखता येणार नाही. असे मजकूर मीही लिहून दिले आहेत. हा दोष माझ्याही पदरी आहे.

प्रश्न केवळ शैलीचा नाही. क्लूनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी मृतांच्या स्मरणासाठी हा दिवस नेमला, तो सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी आपण संतांची मध्यस्थी मागतो. दुसऱ्या दिवशी अपूर्ण माणसांसाठी स्वतः प्रार्थना करतो. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या 12 व्या अध्यायात यहूदा ज्या मृत सैनिकांसाठी अर्पण पाठवितो, त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत सापडले होते. ग्रंथकर्ता ते लपवीत नाही; त्या दोषामुळेच प्रार्थनेला अर्थ येतो. मृताला आपण दगडावर आधीच संत करून टाकले, तर मिस्सा कोणासाठी?

येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राची आठवण होते. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. पण मृतांचे स्मरण कसे करावे, हे त्यांच्याकडून शिकावे. सोवळ्याने पछाडलेले वडील, रागीट व लहरी पती, यांतले त्यांनी काही झाकले नाही. तरी पुस्तक मिटल्यावर मनात उरते ते प्रेमच. त्या दोषांचा हिशेब मांडीत नाहीत. हसतात, आणि हसता हसता क्षमा करतात.

मग दोष दगडावर कोरावेत काय? मुळीच नाही. दगडावर एखादा खरा तपशील पुरे: विहीर खणली, गावाला भजने शिकविली. उरलेले तोंडाने सांगावे. येत्या 2 नोव्हेंबरला मेणबत्ती लावून झाल्यावर आजोबांची एक खरी गोष्ट, त्यांच्या रागालोभासकट, नातवाला सांगा आणि मग प्रार्थना करा. आपण कोणासाठी हात जोडले, हे त्या मुलाला कळेल.