पडणारा नायक, वळणारा नायक

कोल्हापुरात नाटकाचा विषय निघाला की गाडी केशवराव भोसले नाट्यगृहावर येतेच. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं हे पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत सापडलं. इमारत पुन्हा बांधता येते. पण राज्य नाट्य स्पर्धेतल्या गंभीर नाटकांचं एक जुनं दुखणं आहे, त्याचं काय करायचं? नायकाची नीती बदलली, हे आपल्याला कळतं ते निळ्या प्रकाशावरून आणि लांबलचक स्वगतावरून. निर्णय मात्र विंगेतच झालेला असतो.

ग्रीकांकडे हे असं नाही. तिथेही सगळेच बदलतात असं मात्र समजू नये. पुलंनी मराठीत आणलेला इडिपस शेवटपर्यंत तसाच हट्टी राहतो. बदलतं ते त्याला असलेलं ज्ञान. नीती बदलते ती ‘अँटिगनी’तल्या क्रेऑनची, आणि तीही अगदी डोळ्यांसमोर. भाच्याचं प्रेत पुरू द्यायचं नाही, हा त्याचा हुकूम. तो मोडणाऱ्या अँटिगनीला त्यानं गुहेत कोंडलेलं. आंधळा द्रष्टा टायरेसियस खडे बोल सुनावून जातो, राजा हादरतो आणि कोरसला विचारतो, आता काय करू? कोरस सांगतो, आधी मुलीला सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन नेमकं उलट करतो. आधी प्रेताचे संस्कार, मग गुहा. तोवर पोरीनं गळफास घेतलेला असतो. माणूस मनानं वळला, पण पावलं जुन्याच सवयीनं पडली: माणसाआधी विधी. सोफोक्लीजनं यावर एकही स्वगत खर्च केलेलं नाही.

मराठीत पडणं आपण उत्तम दाखवतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर (१९१९) पायरीपायरीनं घसरतो. पण मला त्यात मोलाचा वाटतो तो मधला प्रयत्न: दारू सोडून तो कामासाठी लोकांची दारं झिजवतो, अपमान गिळतो आणि पुन्हा बाटलीकडे जातो. वळण घेतलेलं आणि मोडलेलं, दोन्ही दिसतं. त्याची बायको सिंधू मात्र पहिल्या अंकात जशी, तशीच शेवटच्या अंकात. तेंडुलकरांचा घाशीराम (१९७२) अपमानातून राक्षस होतो, मुलगी नाना फडणवीसाला देऊन कोतवाली घेतो. हा सौदा रंगमंचावरच होतो, म्हणून तो अंगावर येतो. ‘नटसम्राट’बद्दल (१९७०) माझं मत जरा कडू आहे. शेक्सपिअरचा राजा लिअर वादळात दुसऱ्याच्या उघड्या अंगाचा विचार करायला शिकतो. ‘नटसम्राट’चे नायक बेलवलकर मोठे होतात ते दुःखानं. दोषाचा मोठा वाटा पोरांच्या पदरात जातो आणि प्रेक्षक रुमाल घेऊन घरी जातो. भाषा अर्थातच अफाट, त्याबद्दल वाद नाही.

स्पर्धेतल्या दिग्दर्शकांना म्हणून सुचवावंसं वाटतं ते इसवी सनापूर्वी ४०९ मधलं ‘फिलॉक्टेटिस’. तरुण निओप्टोलेमस ओडिसियसच्या शिकवणीनं एका जखमी माणसाला फसवून त्याचं धनुष्य घेतो, अस्वस्थ होतो आणि ओडिसियसच्या धमक्या झुगारून ते परत नेऊन देतो. धनुष्य या हातातून त्या हातात जातं, बस्स. प्रकाशयोजनेची गरजच नाही. शिवाय आज उपलब्ध असलेल्या ग्रीक शोकांतिकांत स्त्रीपात्र नसलेली ही एकच. नटी मिळत नाही ही आपल्या हौशी संघांची नेहमीची ओरड इथे तरी चालायची नाही.