दर वाढला आणि काम आटलं

लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये २१०० करावेत का, यावर आमच्या विभागात डबा खाताना रोज वाद होतो. एक मित्र म्हणतो, फुकटच्या पैशानं गरिबी जात नाही. दुसरी म्हणते, रक्कम वाढवा म्हणजे जाईल. मी दोघांनाही एक जुना पेपर वाचायला दिला. दोघांनीही वाचला नाही. म्हणून इथं लिहितेय.

पेपर १९९३चा आहे, मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांचा. विषय आपली रोजगार हमी. ७२च्या दुष्काळात ती आकाराला आली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ला कायदा झाला आणि १९७९पासून तो लागू झाला. पैसा उभा राहायचा तो शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून (पगाराच्या चिठ्ठीवर तो अजूनही दिसतो) आणि सरकारच्या वाट्यातून. वचन साधं होतं: जो मागेल त्याला काम.

१९८८ मध्ये किमान वेतनासोबत या कामाचा दर जवळपास दुप्पट झाला. आता दर दुप्पट झाला तर कामावर गर्दी वाढायला हवी ना? झालं उलटं, हजेरी घटली. लेखकांचा निष्कर्ष असा की लोकांनी पाठ फिरवलेली नव्हती, कामच मोजून-मापून दिलं जाऊ लागलं होतं. खर्च आवाक्यात ठेवायचा तर हाच मार्ग उरतो. कायद्यातली हमी तशीच होती, प्रत्यक्षात ती पातळ झाली.

पेपर मला आवडतो, पण एक गोष्ट खटकते. त्यातले आकडे सगळ्या राज्याचे मिळून आहेत. घट दिसते, पण परत कोणाला पाठवलं ते दिसत नाही. सायकल असलेला तरणा गडी लांबच्या कामावर पोचला आणि कडेवर लेकरू असलेली बाई पोचली नाही, तरी बेरीज तीच. आमची आजी भूम तालुक्यातली. पाझर तलावाच्या कामावर जायची. तिला दर आठवत नाही. आठवतं ते असं: "पुढच्या हप्त्यात ये म्हनले, अन् त्यो हप्ता काय आलाच न्हाई." एका आजीवरून सिद्धांत मांडता येत नाही, मान्य. पण कुठला आकडा गोळाच केला गेला नाही, ते तिच्यामुळे कळतं.

दत्त आणि रॅव्हॅलियन यांचा १९९४चा पेपर या बाबतीत बरा. त्यात दोनच गावं आहेत, पण आकडे घराघरातले. एक गाव शिरापूर, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं. तिथं दिसलं की हमीच्या कामावर गेल्यामुळे बुडालेली दुसरी कमाई मजुरीच्या साधारण पाव हिस्सा होती. म्हणजे १०० रुपयांतले ७५ निव्वळ फायद्याचे. "तशीही कुठंतरी कमावलीच असती" म्हणणाऱ्या मित्रासाठी हे उत्तर. काम मिळालं तर फायदा खराच होता.

आता १५०० रुपये. पाच जणांच्या घरात एक लाभार्थी धरली तर माणशी ३००. तेंडुलकर पद्धतीनं ग्रामीण महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा २०११-१२ साली माणशी महिना ९६७ रुपये होती. आजच्या किमतींनी ती बरीच वर जाईल. ३०० रुपयांनी रेषेच्या जरा खाली असलेलं घर वर येतं. खूप खाली असलेलं घर खालीच राहतं, फक्त खड्डा थोडा उथळ होतो. नुसती डोकी मोजली तर हा दुसरा बदल शून्य दिसतो. माझ्या मते तो शून्य अजिबात नाही. महिन्याचं तेल-मीठ त्यात आहे.

पण २१०० मागणाऱ्या मैत्रिणीला मी १९८८ दाखवेन. दराबरोबर नावांची संख्याही बघ. पडताळणीत नावं वगळली गेली आहेत. त्यात सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या, चक्क पुरुषही निघाले, त्यांना काढलंच पाहिजे. त्यामुळे नुसती संख्या घटली म्हणून हमी पातळ झाली असं म्हणता येत नाही. (तोच आक्षेप मी १९९३च्या पेपरवर घेतलाय, तर इथंही घ्यायला हवा.) मला हवाय तो तालुकावार तक्ता: कोणाचं नाव कोणत्या कारणानं गेलं? उत्पन्न जास्त म्हणून, की आधार आणि बँकेतल्या नावाचं स्पेलिंग जुळलं नाही म्हणून? परंडा, भूम, वाशी या तीनच तालुक्यांचा मिळाला तरी मी कामाला लागेन.