'आनंदी गोपाळ' : परक्या मुलखातील संसार

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी बोलताना आपण बहुधा एकाच प्रश्नात अडकतो : गोपाळराव थोर की क्रूर? कादंबरीचे बळ असे, की ती त्यांचा विक्षिप्तपणाही झाकत नाही आणि पत्नीला शिकविण्याचा ध्यासही. मात्र परदेशी गेलेल्या जोडप्याची कथा म्हणून ती क्वचितच वाचली जाते. तशी वाचली, तर निवाड्याची घाई ओसरते.

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पोस्टखात्यातील गोपाळराव मागे राहिले. न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंच्या घरी व पुढे फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंनी शाकाहार राखला, पण थंडीपायी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसणे पत्करले. काय राखावे नि काय सोडावे, हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागे; पतीचे पत्र यायला आठवडे लोटत. १८८५ मध्ये गोपाळराव तेथे पोचले, तेव्हा विशीतील पत्नी त्या मुलखाची जाणकार झाली होती. जिला त्यांनी घरी शिकविले, तिच्याच ओळखीच्या माणसांत त्यांना पाहुण्यासारखे वावरणे आले. तेथील व्याख्यानांतून त्यांनी पाश्चात्त्य समाजावर ओढलेल्या कोरड्यांत स्वाभिमान आहेच. पण गुरुपद हातचे गेल्याची चडफडही आहे, असे मला वाटते. अभ्यास, खालावणारी प्रकृती आणि पतीची टोचणी सोसत आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली. वर्ष भरण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचा अंत झाला.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला हे परके वाटू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी आपली रीत झाली. ज्याला कचेरीची भाषा अवगत, त्याच्या हाती घराची सूत्रे कशी जातात, हे शासकीय सेवेत अनेकदा पाहिले. मुलूख बदलला की जाणता कोण नि अजाण कोण, हेच बदलते. आज आपल्या घरांतील लेकी-जावई, मुलगे-सुना परदेशी संसार थाटतात. त्यांच्यातील एकाला नोकरी असते, ओळखी असतात. दुसऱ्याला दुकानात जायलाही सोबत लागते. त्या दुसऱ्याच्या चिडचिडीला आपण सहज स्वभावदोष म्हणतो.

गोपाळरावांच्या वागण्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. त्याची किंमत आनंदीबाईंनी मोजली. परंतु ते वागणे समजून घेतल्यावाचून ही कादंबरी पुरती वाचून होत नाही. शीर्षकात दोन नावे शेजारी आहेत. त्यांतले अंतर वाचणे, हे आपले काम.